लेकरावर शिक्का मारू नका

गैरसमज : काही मुलं चित्रांतून शिकतात, काही शब्दांतून. ज्याला त्याच्या पद्धतीनं शिकवलं की तो हुशार होतो.

वस्तुस्थिती : ‘बाई, आमचं लेकरू बघून शिकतं, त्याला वाचायला लावू नका,’ असं सांगणारे पालक सोलापुरातल्या शाळांतही भेटतात. आवड खरी असते. कुणाला चित्र भावतं, कुणाला गोष्ट. पण आवडीप्रमाणे शिकवल्यानं जास्त शिकणं होतं का? हॅरोल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली तोवरचं संशोधन तपासलं. मुलांचे असे गट पाडून शिकवण्याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही.

कसं शिकवायचं हे बरंचसं धड्यावर ठरतं. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा का म्हणतात, हे वर्गात सांगून पाहा. ‘नदी चंद्रकोरीसारखी वळते’ हे नुसतं वाक्य मुलं पाठ करतील आणि विसरतील. नुसता नकाशा दाखवलात तर त्या वळणाकडं कुणाचं लक्षही जाणार नाही. फळ्यावर वळण काढत काढत नाव सांगा, मग पंचेचाळीसच्या पंचेचाळीस मुलांच्या ध्यानात राहतं. शब्द आणि चित्र मिळून आठवणीला दोन वाटा होतात, हे ॲलन पैवियो यांनी 1971 मध्येच मांडलं होतं. कवितेचं मात्र उलट आहे. ती कानावरच पडायला हवी, चित्रं आवडणाऱ्या मुलाच्यासुद्धा.

गैरसमज : पुस्तकातले क्यूआर कोड म्हणजे ‘बघून शिकणाऱ्यांची’ सोय.

वस्तुस्थिती : माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना हे कोड जोडले. त्यांत व्हिडिओ होते, तशाच ऐकायच्या कविता, गोष्टी आणि सोडवायचा अभ्यासही होता. एकाच मुलासाठी सगळं. त्याहून मोलाचं काम भाषेचं होतं. मुलांच्या घरची भाषा पुस्तकात नव्हती, म्हणून गुरुजी ती शिकले आणि पहिली ते चौथीची पुस्तकं नव्यानं मांडली. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा बातम्यांत कोडचंच कौतुक जास्त झालं, याची मला खंत वाटते. आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी कितीतरी मुलं मराठी शाळेत बसतात. धडा न कळण्याचं कारण तिथं आधी शोधावं. ‘हा शब्दांत कच्चा आहे’ असं म्हणून त्याच्या हातात चित्रं दिली, तर ज्या भाषेची त्याला गरज आहे तीच आपण काढून घेतो.

गैरसमज : धडा पुन्हा पुन्हा वाचला, ओळी रंगवल्या की अभ्यास झाला.

वस्तुस्थिती : रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते; आठवड्यानं विचारलं तेव्हा, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढं गेले. याला खर्च काहीच नाही. आज रात्री जेवण झाल्यावर मुलाचं पुस्तक मिटा, कोरा कागद द्या आणि आजच्या धड्यातलं जे आठवेल ते लिहायला सांगा, शेजारी चित्रही काढू द्या. मग पुस्तक उघडून राहिलेलं त्यालाच शोधू द्या.