गुडघ्याची गोळी आणि कोळंबीचं टरफल

माझी मावशी श्रावण कडक पाळते. महिनाभर घरात सुकटीचा वाससुद्धा येत नाही. पण सकाळच्या चहानंतरची गुडघ्यांची ग्लुकोसामीनची गोळी मात्र चुकत नाही. डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. वाचून दाखवलं तर म्हणाली, "अरे, ते नुसतं कॅल्शियम असतं."

कॅल्शियम नव्हे, साखर! ग्लुकोजची सख्खी बहीण, फक्त एका जागी नायट्रोजनचा अमिनो गट बसलेला. कोळंबी सोलताना बोटांना चिकटणाऱ्या कागदी टरफलात कॅल्शियम असतं खरं, पण कारखान्यात ते आधीच आम्लात विरघळवून काढून टाकतात. मग अल्कलीने प्रथिनं जातात. उरतं कायटिन, म्हणजे याच साखरेच्या एका रूपाची लांबलचक साखळी. ती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवली की तुटते. जर्मनीच्या गेओर्ग लेडरहोजेला १८७६ साली कायटिनातून ही साखर अशीच मिळाली होती.

म्हणून टरफलं चावून खाल्ली तर? आम्लाच्या भट्टीचं काम पोटाला फारसं जमत नाही. टरफलं उकळून काढलेलं पाणी कालवणात घाला, गुडघ्यांची आशा त्यात नको.

नावात साखर म्हणून मधुमेही घाबरतात. रोजचा डोस दीड ग्रॅमचा, आणि चाचण्यांत रक्तातली साखर त्याने फारशी हललेली दिसली नाही. कोळंबीने अंगावर गांधी उठतात त्यांना ही साखर नडत नाही, नडतं मांसातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन. तरी अशांनी डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर नक्कीच विचारावं, कारण दोन्ही मिळून रक्त जास्तच पातळ होऊ शकतं.

सगळ्यात हट्टी समजूत म्हणजे गोळीने झिजलेली कूर्चा पुन्हा भरते. कूर्चा राहू द्या, आधी दुखण्याचंच पाहू. अमेरिकेतल्या १५८३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. २४ आठवड्यांनी ग्लुकोसामीन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचं दुखणं कमी झालं होतं. ऐकायला झकास! पण औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांतही ६० टक्क्यांना आराम पडला होता.

कायटिन बुरशीतही असतं, त्यामुळे शाकाहारी ग्लुकोसामीन मिळतं. मावशीने यंदा तीच डबी आणली. आराम, म्हणते, अगदी तेवढाच आहे.