हुबेहूब जुळते, म्हणून खोटी

चंद्रावर जाऊन आलेले नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि त्यांचे सहकारी मायकेल कॉलिन्स ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही आले होते. त्यामुळे एखाद्या मराठी घरातल्या जुन्या ट्रंकेत आर्मस्ट्राँग यांची सही निघाली, तर ते अगदीच अशक्य नाही. पण आज नवी मुंबईत सीवूड्सला घरी बसून कुणी ऑनलाइन लिलावात अशी सही घेणार असेल, तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: सही हाताची आहे की यंत्राची?

मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो मोहिमांच्या काळात सह्यांसाठी पत्रांचा इतका पाऊस पडत असे, की नासाने ‘ऑटोपेन’ हे यंत्र वापरलं. अंतराळवीराच्या सहीचा आकार एका पट्टीच्या कडेत कोरलेला असतो. यंत्राची दांडी त्या कडेवरून फिरते आणि तिला जोडलेलं पेन कागदावर तीच सही उमटवतं. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. पण तेच फोटो आज ‘अस्सल’ म्हणून विकले जातात.

फरक ओळखता येतो, कारण आपला हात यंत्रासारखा चालत नाही. सवयीची सही इतक्या झपाट्याने होते, की डोळ्यांनी पाहून ती मध्येच सुधारायला वेळच नसतो. मेंदूकडून हालचालींचे आदेश आधीच सुटलेले असतात. बसण्याची पद्धत, कागद, पेन, थकवा यांनुसार स्नायूंची हालचाल दर वेळी किंचित बदलते. म्हणून कुणाच्याही दोन सह्या तंतोतंत सारख्या येत नाहीत.

लफ्फेदार सही दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. पेन टेकण्याआधीच हात निघालेला असतो, त्यामुळे सुरुवात निमुळती दिसते. वळणावर वेग मंदावतो, तिथे शाई दाटते. शेवटचा फटकारा बारीक होत विरून जातो. ऑटोपेनची रेघ मात्र छापाच्या रांगोळीसारखी, सगळीकडे सारख्याच जाडीची. पेन आधी टेकतं, मग हलतं, आणि थांबल्यावर उचललं जातं. म्हणून दोन्ही टोकांना शाईचे बोथट ठिपके राहतात. यंत्राच्या थरथरीमुळे लांब रेघेत बारीक कंपही दिसतो. आणि भिंगाखाली छपाईचे ठिपकेच दिसले, तर सही फोटोबरोबर छापलेली आहे.

सगळ्यात भक्कम कसोटी सह्या एकमेकींवर ठेवून पाहण्याची. तिच्यामागे जुनं गणित आहे. अमेरिकेत १८६० च्या दशकात हाउलँड मृत्युपत्राचा खटला गाजला. वादातली सही दुसऱ्या एका सहीशी तिच्या तीसही उभ्या रेघांत जुळत होती. गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी त्याच व्यक्तीच्या ४२ सह्यांच्या ८६१ जोड्या तपासून घेतल्या. एक रेघ जुळण्याची शक्यता सरासरी पाचात एक निघाली. तीसही रेघा जुळायच्या तर पाचाचा तिसावा घात, म्हणजे ९३ वर १९ शून्यं इतक्यांत एकदा! एका रेघेचा परिणाम दुसरीवर होतो, हे या हिशेबात धरलेलं नव्हतं, म्हणून तो आकडा आज जसाच्या तसा मान्य होत नाही. मूळ मुद्दा मात्र पक्का आहे: सही हुबेहूब जुळली, की संशय वाढतो.

संग्राहकांनी ऑटोपेनच्या ज्ञात नमुन्यांची चित्रं जमवलेली आहेत. विकाऊ सहीचा फोटो त्याच मापाचा करून, पारदर्शक करून त्यांवर ठेवा. जुळली तर सही यंत्राची. नाही जुळली तर मात्र ‘अस्सल’ म्हणायची घाई नको. एकाच व्यक्तीचे अनेक साचे असत, सही करताना कागद सरकलेला असू शकतो, किंवा कुणी हाताने नक्कल केलेली असू शकते. तारीखही पाहा. आपल्या सह्या विकल्या जातात हे कळल्यावर आर्मस्ट्राँग यांनी १९९४ च्या सुमारास मागेल त्याला सही देणं बंद केलं. त्यानंतरची म्हणून विकली जाणारी त्यांची सही दहादा तपासावी.

आता आपल्याकडेही हा प्रश्न आहे. १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले, २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर राहून आले. शाळेत, व्याख्यानात मुलं त्यांच्यासारख्यांच्या सह्या हौसेने घेतील. त्याच दिवशी वेगळ्या कागदावर तारीख, ठिकाण, प्रसंग लिहून ठेवा आणि सही होतानाचा फोटो जपा. खाडीकाठच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागते आणि उन्हाने शाई उडते, म्हणून सही कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवा. पन्नास वर्षांनी तपासणाऱ्याला भिंगाइतकाच या नोंदीचा आधार होईल.