वीज कडाडली की झाडाखाली नको!

मृगाची पेरणी सुरू असते, आभाळ भरून येतं, आणि "एवढं तास उरकून जाऊ" म्हणत माणसं शेतातच थांबतात. कळकळीने सांगतो, थांबू नका.

लखलखाट दिसला की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला १ किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे. तेव्हाच पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा. उघडी पत्र्याची शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा, पाऊस उघडला तरी.

सर्वांत घातक आडोसा झाडाचा. वीज खोडातून उतरते आणि भोवतालच्या जमिनीत पसरते. पायांमधलं अंतर जितकं जास्त, तितका शरीरातून जाणारा प्रवाह मोठा. बैलांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर बरंच असतं, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरं एकाच वेळी दगावतात. ढग जमू लागताच त्यांना गोठ्यात न्या. उघड्या रानात अडकलातच, तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं. मुकादमाच्या मोबाइलवर तरी ते हवंच.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावा आणि लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.