कीबोर्ड बदलल्याने मनगटाचे दुखणे थांबेल का?

दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या अनेकांना संध्याकाळपर्यंत मनगट, बोटे किंवा खांदा दुखू लागतो. मग कोणीतरी सुचवते, ‘चांगला कीबोर्ड घे, दुखणे जाईल.’ बाजारात पाचशे रुपयांपासून वीस हजारांपर्यंतचे कीबोर्ड मिळतात. पैसे खर्च करण्यापूर्वी कीबोर्डमुळे काय सुधारू शकते आणि काय सुधारणार नाही, हे समजून घ्या.

हात का दुखतो?

बोटे हलवणारे स्नायू मुख्यतः कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट सरळ असेल तर या कंडरा सहज सरकतात. मनगट वर उचललेले किंवा करंगळीच्या बाजूला वळलेले असेल, तर त्यांच्यावर ताण येतो. तासन्‌तास असेच काम केले की दुखणे सुरू होते.

मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि मीडियन नावाची नस जाते. ही नस दाबली गेली, तर अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, मुंग्या येतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. हा त्रास रात्री वाढतो आणि हात झटकल्यावर थोडे बरे वाटते.

कीबोर्डचे प्रकार

साधा मेम्ब्रेन कीबोर्ड: बटणाखाली रबराचा पातळ थर असतो. किंमत कमी, आवाज कमी. पण जुना झाल्यावर बटणे जोरात दाबावी लागतात. तसे होऊ लागले की तो बदला.

मेकॅनिकल कीबोर्ड: प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असतो. बहुतेक स्विच साधारण ४५ ते ६० ग्रॅम दाबाने चालतात. हलका स्विच बोटांना सोपा जातो. मात्र हे कीबोर्ड उंच असतात, त्यामुळे मनगट वर उचलले जाण्याची शक्यता असते.

लॅपटॉपचा कीबोर्ड: बटणे उथळ आणि हलकी असतात. येथे खरी अडचण बटणांची नाही. स्क्रीन त्यालाच जोडलेला असल्याने मान खाली वाकते. रोज काही तास काम असेल, तर लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडा.

आकड्यांचे पॅड नसलेला कीबोर्ड: उजवीकडचे पॅड नसल्याने माऊस शरीराजवळ येतो. उजवा खांदा दुखत असेल आणि आकड्यांचे काम फारसे नसेल, तर हा बदल उपयोगी ठरतो.

दोन भागांचा कीबोर्ड: दोन्ही हातांचे भाग वेगळे किंवा तिरके असतात, त्यामुळे मनगट सरळ राहते. अनेकांना यामुळे आराम वाटतो. सवय व्हायला काही आठवडे लागतात. पण कार्पल टनेल सिंड्रोम यामुळे बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

अक्षरांची मांडणी बदलावी का?

आपण वापरतो ती क्वर्टी मांडणी अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर शोल्स यांच्या टाइपरायटरवरून आली. तो टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणला. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये दुसऱ्या मांडणीचे पेटंट घेतले. त्यात इंग्रजीत जास्त लागणारी अक्षरे मधल्या ओळीत आहेत, म्हणून बोटांची धावपळ कमी होते. तरीही त्यामुळे हाताचे दुखणे कमी होते, याचा भक्कम पुरावा नाही.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी इनस्क्रिप्ट मांडणी पाहण्यासारखी आहे. यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘का’ लिहिताना ‘क’ उजव्या हाताने आणि काना डाव्या हाताने येतो, म्हणजे काम दोन्ही हातांत वाटले जाते. ‘ख’, ‘घ’, ‘थ’ अशा अक्षरांसाठी मात्र शिफ्ट दाबावे लागते. अक्षर ज्या हाताने दाबता, त्याच्या विरुद्ध हाताने शिफ्ट दाबा. एकाच हाताची करंगळी ताणून दुसरे बटण दाबल्याने ती दुखते.

आधी हे विनाखर्चाचे बदल करा

• कीबोर्डच्या मागचे पाय दुमडून ठेवा. ते उघडले की मनगट वर वाकते.
• कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहतील इतकी खुर्ची उंच करा. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.
• टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका. मनगटाखालची गादी फक्त थांबल्यावर तळहात टेकवण्यासाठी आहे.
• बटणे हळुवार दाबा.
• दर अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे हात कीबोर्डवरून काढा, उठून चाला.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला, तर नवा कीबोर्ड घेण्याची गरजही पडणार नाही.

बधिरपणा असेल तर कीबोर्डवर थांबू नका

मुंग्या आणि बधिरपणा यांचे कारण अनेकदा टायपिंग नसते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गर्भारपण यांतही मीडियन नस दाबली जाते. करंगळी बधिर होत असेल, तर कोपराजवळची नस दाबलेली असू शकते. मानेतल्या नसेमुळेही हाताला मुंग्या येतात. म्हणून डॉक्टर तपासणी करतात आणि गरजेनुसार रक्तातील साखर, थायरॉइड किंवा नसेची चाचणी सांगतात. सुरुवातीच्या टप्प्यात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे लावल्याने अनेकांना बरे वाटते. गरज पडल्यास इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया करता येते.

उशीर केला तर नसेला कायमची इजा होऊ शकते. खालीलपैकी काही आढळल्यास लवकर डॉक्टरांना दाखवा:

• बधिरपणा सतत राहणे
• कप, किल्ली अशा वस्तू हातातून निसटणे, शर्टाची बटणे लावताना अडचण येणे
• अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसलेला दिसणे
• मनगट सुजणे, लाल किंवा गरम होणे

एका बाजूचा हात अचानक बधिर किंवा कमजोर झाला, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

कीबोर्ड निवडताना किमतीपेक्षा तुमचे मनगट सरळ राहते का, हे पाहा. शक्य असेल तर घेण्यापूर्वी त्यावर दहा मिनिटे टाइप करून बघा.