टेकडीवरचे मराठी नाव

अरवलीची रांग दिल्लीशी येऊन संपते, आणि शहराच्या उत्तरेस यमुनेच्या रोखाने उतरणारे तिचे जे खडकाळ टोक ‘रिज’ या नावाने ओळखले जाते, त्याच्या माथ्यावर हिंदूराव रुग्णालय उभे आहे. परंतु रुग्णांच्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी नित्य असणारे हे नाव कागलकर घाटग्यांच्या एका मराठी सरदाराचे आहे, याची जाणीव तेथे क्वचितच कोणास असते.

हिंदूराव घाटगे हा सर्जेरावांचा पुत्र, बायजाबाई शिंद्यांचा बंधू आणि म्हणून ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांचा मेहुणा. १८२७ साली दौलतराव निवर्तले, बायजाबाईंनी सहा वर्षे ग्वाल्हेरची मुखत्यारी चालवली व १८३३ मध्ये त्यांना गादीपासून दूर व्हावे लागले. हिंदूराव पुढे दिल्लीस राहिला. टेकडीवरची प्रशस्त कोठी १८३० च्या सुमारास बांधली होती कंपनी सरकारचा अंमलदार विल्यम फ्रेझर याने. १८३५ मध्ये त्याचा खून झाला, त्यानंतर ती कोठी हिंदूरावाने विकत घेतली, आणि बांधणाऱ्याचे नाव लोपून घेणाऱ्याचे तेवढे राहिले.

जागा मात्र त्याहून कितीतरी पुरातन. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने येथे शिकारीचा महाल बांधून मीरतेहून अशोकस्तंभ आणवला. फर्रुखसियरच्या कारकीर्दीत स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले, ते १८६७ साली जोडून स्तंभ पुन्हा उभारण्यात आला. जवळच पीर गायब ही त्याच काळातील वास्तू आणि एक बावडी आहे. रिजवरच्या झाडीत ‘खूनी खान झील’ नावाचा लहानसा तलाव आहे. १८५७ च्या उठावात प्रेते येथे टाकली, अशी लोककथा सांगतात.

त्या वर्षी ८ जूनला इंग्रजांनी टेकडी घेतली, आणि १४ सप्टेंबरला शहरावर चाल होईपर्यंत हिंदूरावाची कोठी हे त्यांचे अग्रभागीचे ठाणे होते. मेजर रीडच्या सिरमूर पलटणीतील ४९० गोरख्यांपैकी ३२७ जण तेथे मृत वा जखमी झाले. हिंदूराव तोवर हयात नव्हता; तरी त्याचे नाव मोर्च्याचे ठिकाण म्हणून इंग्रजी खलित्यांत शिरले, हे मला आजही सलते. माणसाला त्याच्या घराण्याने, त्याच्या वतनाने ओळखावे. येथे तोफांच्या माऱ्याने ओळख दिली. आता त्याच माथ्यावर पहाटेपासून आजाऱ्यांची रांग लागते, आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर सर्वांत वर हिंदूराव हेच नाव असते.