मुलांसाठी फिल्टर लावलाय? तो नेमकं काय करतो ते वाचा

सुट्टी लागली की मोबाइल मुलांच्या हातात जातो, म्हणून ही थोडी माहिती.

वेबसाइट उघडताना फोन आधी डीएनएस सर्व्हरला तिचा पत्ता विचारतो. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा मोफत सर्व्हर अश्लील आणि घातक साइट्सचा खरा पत्ता देतच नाही. वायफाय राउटरमध्ये हा आकडा टाकला की घरातले बहुतेक फोन, लॅपटॉप, टीव्ही त्याच्या पहाऱ्यात येतात.

पण मर्यादाही आहेत:

🔸 या फिल्टरला फक्त साइटचं नाव कळतं, आतला मजकूर नाही. इन्स्टाग्रामवरची एखादीच रील अडवणं त्याला जमत नाही.

🔸 मुलाने मोबाइल डेटा किंवा व्हीपीएन चालू केलं, की राउटरचा पहारा संपला.

🔸 दुसऱ्या प्रकारचे, शब्द बघून अडवणारे फिल्टरही फसतात. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना. कारण? गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दडलेली शिवी!

फिल्टर म्हणजे दाराची कडी. ती लावाच. पण “काही विचित्र दिसलं तर मला सांग, मी रागावणार नाही,” हेही मुलांना आजच सांगा.