येफ्रेमोव: पुराजीवशास्त्रातून आलेला विज्ञानकथाकार

इव्हान येफ्रेमोव (1908–1972) यांचा मूळ पेशा पुराजीवशास्त्राचा. सेंट पीटर्सबर्गजवळच्या विरित्सा गावी ते जन्मले. रशियन यादवी युद्धात तोफगोळ्याच्या स्फोटाचा धक्का बसून जडलेले तोतरेपण कायम राहिले. काही काळ खलाशी म्हणून काम केल्यावर ते जीवाश्मांकडे वळले. मेलेल्या प्राण्याचे अवशेष कसे वाहून जातात, कुठे गाडले जातात आणि त्यातले काय टिकते, हे तपासणारी ‘टॅफोनॉमी’ ही ज्ञानशाखा त्यांनी 1940 मध्ये मांडली. त्या कामाला 1952 मध्ये स्टालिन पारितोषिक मिळाले. 1946 ते 1949 या काळात गोबी वाळवंटात गेलेल्या सोव्हिएत मोहिमांचेही नेतृत्व त्यांनीच केले.

कथालेखन सुरू झाले ते महायुद्धाच्या काळात, आजारपणात. त्यांतली हिऱ्यांच्या शोधाची कथा विशेष गाजली. सायबेरियाच्या पठाराची भूरचना दक्षिण आफ्रिकेशी जुळते, तेव्हा इथेही किंबरलाइट खडकात हिरे असणार, असा तिचा तर्क. सुमारे दशकभराने, 1954 मध्ये, याकुतियात असा खडक खरोखर सापडला. याला भाकीत म्हणण्यापेक्षा स्वतः सायबेरिया तुडवलेल्या भूवैज्ञानिकाचा अंदाज म्हणणे योग्य.

‘अँड्रोमेडा नेब्युला’ ही कादंबरी 1957 मध्ये मासिकातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा स्पुटनिक अजून आकाशात गेला नव्हता. ताऱ्यांमधली अंतरे प्रचंड, म्हणून तिथल्या संस्कृती एकमेकींशी मुख्यतः संदेशांतूनच जोडलेल्या, अशी ‘महावलया’ची कल्पना तिच्यात आहे. पात्रे बोलतात कमी, व्याख्याने देतात जास्त. तरीही नजीकच्या यंत्रसुधारणांच्या कुंपणात अडकलेली सोव्हिएत विज्ञानकथा या कादंबरीने मोकळी केली, आणि लेखक स्त्रुगात्स्की बंधूंच्या पिढीला मैदान मिळाले.

1963 च्या ‘रेझर्स एज’चा काही भाग भारतात घडतो; योगाविषयीचे त्यांचे कुतूहल त्यात उतरले आहे. ‘द बुल्स अवर’ ही कादंबरी मात्र अंगाशी आली. टॉर्मन्स ग्रहावरच्या जुलमी अल्पसत्तेत अधिकाऱ्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. 1970 मध्ये केजीबीप्रमुख आंद्रोपोव्ह यांनी पक्षाच्या केंद्रीय समितीला तिच्याविरुद्ध कळवले, आणि पुस्तक ग्रंथालयांतून काढले गेले. येफ्रेमोव ऑक्टोबर 1972 मध्ये वारले. महिन्याभरात त्यांच्या घराची झडती झाली. कादंबरी पुन्हा छापली गेली ती गोर्बाचोव्ह यांच्या काळात.